बेंडला चुंबक चिकटतो म्हणून पाइप ३०४ नाही, असं नव्हे

तुम्ही विचारलंय, हर्णैला बोटीच्या रेलिंगसाठी ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) म्हणून घेतलेल्या पाइपला सरळ भागात चुंबक चिकटत नाही, पण बेंडवर चिकटतो, तर दुकानदाराने फसवलं का? एवढ्यावरून तरी नाही.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेलमुळे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर बसतात. या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात, ती चुंबकाला दाद देत नाही. पण ८ टक्के निकेल त्याला जेमतेमच पुरतं. पाइप थंडच वाकवला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि सरकण्याचे पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथे थोडा थोडा मार्टेन्साइट, म्हणजे अणूंची वेगळी मांडणी असलेला भाग, तयार होतो. ना वितळवणं, ना तापवणं. नुसत्या जोराने मांडणी बदलते. मार्टेन्साइट कडक असतो आणि चुंबकालाही ओढला जातो. धातू जितका गार, तितकं हे रूपांतर जास्त. (दापोलीच्या थंडीने फरक पडेल एवढं नाही.) ३१६ या दुसऱ्या प्रकारात निकेल जास्त, म्हणून तो वाकवूनही फारसा चिकटत नाही. वेल्डच्या रेषेवर चुंबक हलका ओढला गेला तर सोडून द्या. तिथे थोडा फेराइट (चुंबकाला ओढली जाणारी आणखी एक मांडणी) राहतो आणि तो असलेला बरा, गार होताना वेल्डला तडे जात नाहीत.

खरी पंचाईत उलटीच आहे. २०२ या प्रकारच्या स्टेनलेसमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि त्याचाही सरळ भाग चुंबकाला चिकटत नाही. खाऱ्या वाऱ्यात मात्र तो ३०४ च्या आधी गंजतो. तेव्हा चुंबक ठेवा खिशात. मँगनीज ओळखणारं थेंबाचं लिक्विड मिळतं ते वापरा, किंवा दुकानदाराकडे टेस्ट सर्टिफिकेट मागा.

बेंडचं चुंबकत्व घालवायला गॅसने तापवायला कोणी सांगेल, ऐकू नका. त्यासाठी पाइप १०५० अंशांच्या आसपास नेऊन झटकन गार करावा लागतो. फ्लेमने तापवलेला भाग ४५० ते ८५० अंशांत रेंगाळला, तर धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड धरतं, शेजारचं गंज रोखणारं क्रोमियम घटतं आणि गंज तिथूनच शिरतो.

बेंडवर तांबूस डाग दिसू लागले, तर आधी बेंडिंग मशीनच्या डायवर (ज्या साच्यावर पाइप वाकवतात त्यावर) संशय घ्या. साध्या पोलादाच्या डायचे कण पाइपला चिकटून राहतात आणि ते गंजतात. पिकलिंग पेस्ट (स्टेनलेस साफ करणारी ॲसिडची पेस्ट) लावून भरपूर गोड्या पाण्याने धुवा. हातमोजे घालूनच, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. आणि माल अजून परत करता येत असेल, तर ३१६ घ्या. समुद्रावर ३०४ अस्सल असला तरी डागाळतोच.