चर्चच्या आवारातील युद्धस्मारक : व्हिकरची संमती पुरेशी आहे का?

प्रश्न : इंग्लंडमधील एका खेड्यात मी पॅरिश कौन्सिलचा (गावाच्या स्थानिक प्रशासन संस्थेचा) सदस्य आहे. चर्चच्या आवारात पहिल्या महायुद्धाचे स्मारक म्हणून १९२० साली उभारलेला दगडी क्रूस आहे. त्यावरील नावे पुसट झाली आहेत आणि एका सैनिकाचे नाव तेव्हाच राहून गेले आहे. सँडब्लास्टिंग करून (वाळूच्या वेगवान झोताने दगड घासून) अक्षरे पुन्हा कोरण्यास एक कारागीर तयार आहे. व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, राजी आहेत. चर्चला सूट असल्याने दुसरी कोणतीही परवानगी लागत नाही, असे सांगितले जाते. ते खरे आहे का?

उत्तर : ते अर्धेच खरे आहे, आणि अडचण उरलेल्या अर्ध्या भागात आहे. व्हिकरची तोंडी संमती म्हणजे चर्चची परवानगी नव्हे. चर्चच्या आवारात असा बदल करण्यासाठी साधारणपणे ‘फॅकल्टी’ हे परवानापत्र लागते. ते धर्मप्रांताच्या कन्सिस्टरी कोर्टाचे (चर्चच्या न्यायालयाचे) न्यायाधीश, म्हणजे चान्सलर, सल्लागार समितीचे मत घेऊन आणि जाहीर सूचनेची २८ दिवसांची मुदत संपल्यावर देतात. आपण ज्या सवलतीचा उल्लेख करता, ती ‘लिस्टेड बिल्डिंग’ संमतीपासूनची (वारसा यादीतील वास्तूत बदल करण्याच्या परवानगीपासूनची) सूट २०१० च्या आदेशाने चर्चची इमारत आणि आवारातील स्वतंत्रपणे नोंद न झालेल्या वस्तूंना मिळते. परंतु हा क्रूस राष्ट्रीय वारसा यादीत (संरक्षित ऐतिहासिक वास्तूंच्या अधिकृत यादीत) स्वतःच्या नावाने नोंदलेला असेल, तर ती सूट संपते आणि फॅकल्टीबरोबरच स्थानिक नियोजन प्राधिकरणाची ‘लिस्टेड बिल्डिंग’ संमतीही घ्यावी लागते. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त, २०१४ नंतरच्या काळात, हिस्टॉरिक इंग्लंड या ऐतिहासिक वास्तूंसाठीच्या सरकारी संस्थेने गावोगावच्या स्मारकांची मोठ्या प्रमाणावर नोंद केली, त्यामुळे जुन्या सदस्यांच्या आठवणीवर विसंबू नये. यादी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आवश्यक संमतीविना नोंद झालेल्या वास्तूचे स्वरूप बदलणे हा १९९० च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे.

सँडब्लास्टिंगला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याने दगडाचा वरचा थर जातो, मूळ कोरीव कामाच्या कडा बोथट होतात आणि गेलेले परत आणता येत नाही. त्या युद्धात मृतांचे देह मायदेशी न आणण्याचे धोरण होते, म्हणून घरच्यांना कबरीच्या जागी हाच दगड होता. अशा स्मारकाचे वारसामूल्य त्याच्या जागेत, आराखड्यात आणि त्या काळच्या हाताने कोरलेल्या अक्षरांत असते. दगडाला आलेला जुनेपणाचा रंग म्हणजे मळ नव्हे. अक्षरे खरोखरच वाचता येत नसतील, तर आधी दगड-संवर्धनाच्या जाणकाराचा लेखी अहवाल घ्यावा. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था याबाबत मार्गदर्शन करते.

खर्चाची बाजू सोपी आहे. १९२३ च्या युद्धस्मारक कायद्यानुसार स्मारक कौन्सिलच्या मालकीचे नसले तरी त्याच्या देखभालीवर वाजवी खर्च करता येतो, आणि १९४८ च्या दुरुस्तीने कोरीव मजकुरातील चूक किंवा वगळलेला भाग सुधारण्याचा खर्चही त्यात आला. राहिलेल्या नावाचा विषय त्यात बसतो, मात्र त्यासाठीही वरील परवानग्या लागतातच, आणि मूळ यादीत दाटीवाटीने अक्षरे घालण्यापेक्षा वेगळी जागा सुचवणे बरे. अर्जासोबत त्या सैनिकाच्या सेवेचा आणि गावाशी असलेल्या संबंधाचा पुरावा जोडावा. मालकीबद्दल वाद असल्यास १९२० च्या सुमाराची फॅकल्टीची कागदपत्रे धर्मप्रांताच्या अभिलेखागारात शोधावीत.

परवानग्या लेखी हाती येईपर्यंत कारागिराला आगाऊ रक्कम देऊ नये.