तेरा टीम बदललेला बास्केटबॉल खेळाडू फेल गेला म्हणायचा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा लातूरला बास्केटबॉल खेळतो, त्याला एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचा, इश स्मिथ आवडतो आणि घरचे म्हणतात ज्याला तेरा टीमनं ठेवून घेतलं नाही त्याचं कसलं कौतुक. मी परभणीला शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो, मला तर त्या लेकराची पारख एकदम बरोबर वाटते.

एनबीएत 30 टीम, एका टीममध्ये 15 पक्क्या जागा, म्हणजे सगळ्या जगातून साडेचारशे पोरं. इश स्मिथ 2010 ला कॉलेज करून ड्राफ्टला आला, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथं, 60 नावं पुकारली, त्यात ह्याचं नाव नाही. उंची सहा फूट, जी तिकडं बुटकी धरतात. तरी ह्युस्टनपासून सुरू झाला आणि मेम्फिस, गोल्डन स्टेट, ऑरलँडो, मिलवॉकी, फिनिक्स असं करत करत 2022 ला डेनव्हरला पोचला, ती तेरावी टीम, इतक्या टीमकडून आधी कुणीच खेळलं नव्हतं. 2023 ला डेनव्हरनं मायामीला 4-1 हरवून टायटल घेतलं तेव्हा हा त्या टीममध्ये होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांत, त्याला फारसं खेळवलं नाही हे खरंय, पण फेल गेलेला माणूस 14 सीझन टिकतो का सांगा.

आणि टीम बदलली म्हणजे हाकलून दिलं असं नसतं. तिकडं ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करताना बऱ्याचदा दोन्हीकडच्या पगाराचा मेळ बसवावा लागतो, मग मोठ्या नावासोबत दोन-तीन लहान नावं जातात, आणि खेळाडूला कुणी विचारत नाही, नाही म्हणायचा हक्क फार थोड्यांच्या करारात असतो. 2013 च्या फेब्रुवारीत ऑरलँडोनं जेजे रेडिक मिलवॉकीला दिला आणि टोबायस हॅरिस घेतला, बातमी ह्या दोघांची झाली, पण त्याच सौद्यात इश स्मिथपण गेला. तुमच्या घरच्यांना ‘जो स्मिथ’ ह्या दुसऱ्या खेळाडूचं नाव सांगा, 1995 च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, तोसुद्धा 12 टीम फिरला.

ह्याच्याही खालची पायरी म्हणजे दहा दिवसांचा करार. जानेवारीपासून देतात, दहा दिवस किंवा तीन मॅच, जे जास्त असेल ते. एका सीझनमध्ये एक टीम असा करार दोनदाच देऊ शकते, त्यानंतर एकतर सीझन संपेपर्यंत ठेवा नाहीतर सोडा. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक जसं ह्या वर्षी ह्या कॉलेजला, पुढच्या वर्षी कुठं ते माहीत नाही असे राहतात ना, तसं, फक्त पैसा लई जास्त.

मग असा माणूस टिकतो कशावर? मला वाटतं नवीन टीमचा खेळ पटकन डोक्यात घेण्यावर. हे मी आमच्या ग्राउंडवरच बघतो. मॅचमध्ये बदली पाठवला की बहुतेक पोरं उतरल्या उतरल्या रिंगकडं बघतात, बॉल मागतात. पण एखादं लेकरू बाहेर येणाऱ्याला लाइनवरच थांबवून विचारतं, तू कोणाला धरलं होतं, तो उजवीकडून काढतो का डावीकडून. असं पोरगं मी कोणत्याही पाचात घालू शकतो, कारण त्याच्यामुळं बाकी चौघांचा खेळ बिघडत नाही. पॉइंट गार्डला, म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणाऱ्याला, तर हे फारच लागतं, कारण स्वतःचीच नाही तर पाचही जणांची जागा त्याला पाठ पाहिजे, आणि इश स्मिथ हे काम दर एक-दोन वर्षाला नव्या कोचकडं, नव्या खुणांवर करत होता. डेट्रॉइटला सलग तीन सीझन राहिला, तेवढाच काय तो मोठा मुक्काम.

घरच्यांची काळजी मात्र खोटी नाही. सतनाम सिंग भामराला 2015 ला डॅलसनं 52 व्या नंबरवर घेतला, भारतातून पहिलाच, तरी एनबीएची एक मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. आपल्याकडं वर्षानुवर्षं चालेल अशी पक्की प्रोफेशनल लीग अजून उभी राहिली नाही, चांगले खेळाडू रेल्वे, सर्व्हिसेस (सैन्यदल), ओएनजीसी अशा ठिकाणी नोकरीला लागून खेळतात, म्हणून शिक्षण सोडू देऊ नका आणि स्टेट, नॅशनलचे सर्टिफिकेट नीट जपून ठेवा, स्पोर्ट्स कोट्यात तेच बघतात. खेळाचं म्हणाल तर डावा हात आणि डिफेन्स ह्यावर आत्तापासूनच मेहनत करून घ्या, शूटिंगची हौस त्याला असणारच.