कॉलेजच्या मुलांचा दमसास चालण्याच्या चाचणीवरून कळतो का?
कळतो, पण अंदाजानेच. सोपी म्हणजे रॉकपोर्ट चाचणी: ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि वर ९ मीटर, म्हणजे एक मैल, जमेल तितकं भरभर चालायचं. पळायचं नाही. संपताक्षणी नाडी मोजायची. लागलेला वेळ, नाडी, वजन, वय आणि लिंग सूत्रात घातलं की शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज येतो. मेख अशी, की १९८७ सालचं हे सूत्र ३० ते ६९ वयाच्या लोकांवरून बसवलेलं; विशीतल्यांचा आकडा बऱ्याचदा फुगून येतो. सहा मिनिटं चालण्याची चाचणी तर मुळात हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांसाठी, धडधाकट पोराला त्यात धड घामही येत नाही. मी तरी २० मीटरची बीप टेस्ट घेईन, म्हणजे बीपच्या आवाजाबरोबर २० मीटर ये-जा पळायचं, वेग वाढत जातो. पळणं झेपत नसेल त्यांनाच चालायला लावेन.