आईच्या रक्तातला औषधाचा आकडा आणि नाकारलेला क्लेम

ताई, तुमची मेल दोनदा वाचली. थोडक्यात असं, की आई रात्री झोपेत गेल्या, शवागारात ठेवून पीएम (पोस्टमॉर्टेम) दुसऱ्या दिवशी दुपारी झालं, सीए रिपोर्टात, म्हणजे सरकारी लॅबच्या रासायनिक तपासणीत, अमिट्रिप्टिलिन हे औषध जास्त निघालं आणि पॉलिसीला आठच महिने झाले होते म्हणून कंपनीने आत्महत्या म्हणत क्लेम नाकारला. नसांच्या दुखण्यासाठी ती गोळी त्या चार वर्षं रोज घेत होत्या.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की रिपोर्टातला आकडा म्हणजे जिवंतपणी रक्तात होतं तेवढं औषध, असं नसतं. हे औषध चरबीत विरघळणारं, त्यामुळे रक्तात थोडंच असतं आणि लिव्हर, फुप्फुसं, हृदयाचा स्नायू इथे भरपूर साठतं. माणूस गेला की पेशी फुटायला लागतात आणि ते साठलेलं शेजारच्या रक्तात झिरपतं, म्हणून हृदयातून काढलेल्या रक्तात आकडा मांडीच्या शिरेतल्या रक्तापेक्षा दुप्पट-तिप्पटसुद्धा येऊ शकतो, आणि पीएमला उशीर झाला की हे वाढत जातं. हृदयाच्या पेशंटना देतात त्या डिगॉक्सिनचंही असंच होतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नुसतं 'ब्लड' लिहिलंय, कुठून घेतलं ते कुठेच नाही. माझ्या मते तुमची केस इथेच आहे.

तरी खरं सांगतो, यावरून आईंनी जास्त गोळ्या घेतल्याच नाहीत असं सिद्ध होत नाही. पण ते सिद्ध करणं तुमचं कामच नाही. आत्महत्येचं कलम, म्हणजे पॉलिसीच्या पहिल्या वर्षात आत्महत्या झाली तर क्लेम न देण्याचं कलम, लावायचं तर आत्महत्या झाली हे कंपनीनेच दाखवायचं असतं, आणि म्हातारं माणूस विसरून दुसऱ्यांदा गोळी घेतं ती चूक झाली, आत्महत्या नव्हे.

आता पोलीस स्टेशनातून इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेह पाहून पोलिसांनी केलेला), पीएम रिपोर्ट आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, पाठवतानाच्या पत्राची कॉपी घ्या, पीएम करणाऱ्या डॉक्टरांना लेखी विचारा की रक्त कुठून काढलं, बाटलीत रक्त टिकवण्यासाठी घालतात ते सोडियम फ्लोराइड होतं का, पोटात गोळ्यांचे अंश दिसले का. लिव्हरमधलं प्रमाण आणि नॉरट्रिप्टिलिन, म्हणजे शरीरात याच गोळीचं जे बनतं ते, मोजलंय का तेही विचारा, रोज घेणाऱ्याच्या शरीरात ते चांगलंच सापडतं. आणि कपाटातल्या उरलेल्या स्ट्रिप्स फेकू नका प्लीज! किती गोळ्या राहिल्यात ते मोजा, फोटो काढा, केमिस्टच्या बिलांशी ताडून बघा, हिशोब जुळला तर त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

मला काळजी वेगळीच वाटते, पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये या गोळीचा उल्लेख होता का? पॉलिसीला तीन वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे विमा कायद्याच्या कलम ४५ खाली माहिती लपवली असं कंपनी म्हणू शकते. पण नाकारण्याच्या पत्रात ते कारण नसेल तर नंतर नवीन कारण पुढे करता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, म्हणून ते पत्र जपून ठेवा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही, वकीलही चालत नाही, तुम्हालाच बोलावं लागेल, मुदत एक वर्षाची. ग्राहक आयोगात दोन वर्षं मिळतात. प्रपोजल फॉर्म आणि नकाराचं पत्र, दोन्हीच्या कॉप्या आधी मला पाठवा, तोवर कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.