आठ वॉटचा अँप, तीन लाखांची ठेव

प्रश्न (नाशिकहून): ८ वॉटचा ३००बी व्हॉल्व्ह (काचेच्या नळीवर चालणारा) अँप घेतला आहे. स्पीकर जुने, ८६ डेसिबलचे. ख्यालातला स्वर सुरेख येतो, पण तबला रंगात आला की आवाज फाटतो. दुकानदार ९७ डेसिबलचे हॉर्न (कर्ण्याचे) स्पीकर (२,२०,००० रुपये) आणि सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर, ६०,०००) सुचवतो. ३ लाखांची मुदत ठेव मोडू, की नो-कॉस्ट ईएमआय घेऊ? खोली १२ बाय १५ फूट, बसतो ८ फुटांवर. घरखर्च महिना ५५,०००. एसआयपी जाऊन १८,००० उरतात. दुसरी बचत नाही.

उत्तर: ठेव मोडू नका, ईएमआयही नको. स्पीकर मात्र जरूर बदला. तुमचं दुखणं खरं आहे, फक्त त्यावरचा इलाज २,८०,००० रुपयांचा नाही.

आधी आवाजाचा हिशेब मांडू. ८६ डेसिबलचा स्पीकर १ वॉटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल देतो. वॉट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून ८ वॉटला ९५. आठ फुटांवर त्यातले सुमारे ८ जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. उरले ९०. सरासरी ७५ वर ऐकलंत तरी थापेला २० डेसिबल वर उसळायला जागा हवी, आणि ती तुमच्याकडे नाही. ९३ डेसिबलचा स्पीकर लावलात तर हाच अँप ९७ पर्यंत जातो. जुन्या स्पीकरवर तेवढ्यासाठी ४० वॉट लागले असते. हॉर्नमुळे आणखी ४ डेसिबल मिळतील हे खरं, पण १२ बाय १५ च्या खोलीत ख्याल ऐकताना ती लागणार नाहीत. ३००बी ही १९३८ ची वेस्टर्न इलेक्ट्रिकची नळी. चित्रपटगृहांच्या अँपमध्ये ती चालायची, आणि एवढ्याशा वॉटांत अख्खं सभागृह भरायचं ते तिथल्या प्रचंड हॉर्नमुळे. तुमच्यासमोर सभागृह नाही.

सबवूफर आत्ता नकोच. डग्ग्याचा घुमारा आणि पुरुषी खर्ज बहुतांशी ६० हर्ट्झच्या वरच असतात, आणि तिथवर बरा फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर) सहज उतरतो. पुढे घ्यावासा वाटलाच तर स्वतःचा अँप असलेला, स्पीकरच्या टर्मिनलवरून सिग्नल घेणारा घ्या. पॅसिव्ह, म्हणजे स्वतःचा अँप नसलेला, सब तुमचे ८ वॉटच खाईल. आणि नुसता सब जोडल्याने अँपवरचा भार हलका होत नाही. त्यासाठी खालचे सूर अँपच्या आधीच फिल्टरने अडवावे लागतात. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही.

आता पैसे. ३ लाख म्हणजे तुमचा साडेपाच महिन्यांचा घरखर्च, आणि अडीअडचणीला तेवढाच आधार. ठेव मुदतीआधी मोडली तर जितके दिवस ठेवली तितक्या मुदतीचाच दर मिळतो, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. तो तोटा मी सोसला असता. घरात रोकड नसताना आजारपण आलं तर काय, ही माझी खरी काळजी आहे. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रक्रिया शुल्क असतं, व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो, आणि रोखीने घेतल्यावर मिळणारी सूटही बहुतेकदा जाते.

दरमहा १८,००० बाजूला टाका. पाच महिन्यांत ९०,००० होतील. तेवढ्यात ९२-९४ डेसिबलची चांगली वापरलेली जोडी शोधा. स्पीकरची किंमत नवेपणातच सर्वाधिक उतरते आणि तो फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पुढे विकायची वेळ आली तरी तुमचं फार जाणार नाही. एसआयपी थांबवू नका.

घेताना माहितीपत्रकावरच्या आकड्यावर विसंबू नका. ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत विरोधाचं माप) स्पीकरचा आकडा २.८३ व्होल्टवर दिला असेल तर त्यात १ नव्हे, २ वॉट गेलेले असतात, म्हणून ३ डेसिबल वजा करा. किमान इम्पिडन्स, म्हणजे हाच विरोध, किती ते विचारा. ६ ओहमच्या खाली फारसा न जाणारा स्पीकर तुमच्या अँपला सोपा जाईल. आणि अँप बरोबर घेऊन जा. द्रुत तीनतालाचं, तुमच्या ओळखीचं ध्वनिमुद्रण घरच्याइतक्याच अंतरावर बसून ऐका. विक्रेता तयार नसेल तर व्यवहार सोडा.

एक खर्च तुमच्या पत्रात नाही. ३००बी नळ्या कधीतरी बदलाव्या लागतील, आणि जोडीची किंमत साध्या चिनी नळ्यांपासून लाखापलीकडच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकपर्यंत कुठेही असू शकते. स्पीकर घरी आल्यावर त्याच १८,००० मधले महिना १,००० या नावाने आवर्ती ठेवीत घाला. सबचा विचार त्यानंतर वर्षभराने करू, तेव्हा मला पुन्हा लिहा.