शुक्राणूंविरुद्धची प्रतिपिंडे

प्रश्न : नसबंदी उलटवल्यावर वीर्यात शुक्राणू दिसू लागले, पण ते एकमेकांना चिकटलेले आहेत असे अहवाल सांगतो. शरीर स्वतःच्याच पेशींवर का उलटते?

उत्तर : शुक्राणू तयार होऊ लागतात ते वयात येताना. 'आपले कोण' हे प्रतिकारशक्ती त्याआधीच शिकलेली असते, त्यामुळे तिच्या लेखी ते परकेच. वृषणातील सर्टोली पेशींचे (शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींचे) घट्ट सांधे रक्त आणि शुक्राणू यांच्यात भिंत उभी करतात. शिवाय वृषणात व अधिवृषणात (वृषणामागची, शुक्राणू साठवणारी नळी) प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी असतात. नुसत्या भिंतीवर सगळे भागत नाही. नसबंदीनंतर अडलेले शुक्राणू अधिवृषणातून बाहेर झिरपतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. मार लागणे, वृषणाला पीळ पडणे, जंतुसंसर्ग हीही कारणे आहेत.

चिकटणे हा पुरावा नव्हे, फक्त संशय. शुक्राणूंवरची प्रतिपिंडे शोधणारी 'मार' (MAR) चाचणी करून घ्या. ताज्या वीर्यात प्रतिपिंडाचे लेप दिलेले सूक्ष्म मणी मिसळून, हलणाऱ्या किती शुक्राणूंना ते चिकटतात हे मोजतात. म्हणूनच हालचाल फार कमी असेल तर ही चाचणी जमत नाही. २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. नमुना तासाभरात, शक्यतो अर्ध्या तासात, तपासायला हवा. नुसती रक्तचाचणी पुरेशी नाही.

प्रयोगशाळेत शुक्राणू धुतल्याने त्यांच्यावर घट्ट बसलेली प्रतिपिंडे फारशी सुटत नाहीत. स्टिरॉइड आपणहून मुळीच घेऊ नका : लाभ अनिश्चित, आणि खुब्याचे हाड मृत होण्यासारखा गंभीर धोका. मणी चिकटलेल्या शुक्राणूंचे प्रमाण जास्त असेल तर एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याची इक्सी पद्धत हा अडथळा टाळते.