घरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओतील केबल्स कशा लावाव्यात?

टेबलामागे केबल्सचा गुंता झाला आहे आणि स्पीकरमधून सतत घुमघुम ऐकू येते, असे आपण लिहिले आहे. या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते, आणि ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

घरातल्या छोट्या खोलीत स्टुडिओ मांडताना मी विजेच्या वायरी, अ‍ॅडॅप्टर आणि ऑडिओ केबल्स अशी सगळ्यांची एकच मोळी करून ती प्लास्टिकच्या टायने आवळून टाकली होती. मोळी दिसायला सुबक होती, पण की-बोर्डच्या चॅनेलवर हम, म्हणजे सतत घुमघुम, सुरू झाला, कारण आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्याच्या वायरीला खेटून लांबवर गेलेल्या केबलमध्ये तीच घुमघुम उतरते. म्हणून बांधाबांध करण्याआधी फारकत करावी: विजेच्या वायरी टेबलाच्या एका बाजूने, ऑडिओच्या दुसऱ्या बाजूने, मध्ये फूटभर अंतर, आणि ओलांडणे अटळ असेल तिथे काटकोनात.

माइकच्या एक्सएलआर केबलला हा त्रास कमी होतो, कारण तिच्यातील दोन तारांवर सारखाच शिरलेला गोंगाट पुढच्या टोकाला वजा होतो. की-बोर्डच्या साध्या टीएस केबलला (जॅकवर एकच काळी पट्टी असते, ती) ही सोय नाही. ती तीन-चार मीटरच्या आत ठेवावी, आणि त्याहून लांब न्यायची असल्यास की-बोर्डजवळच डीआय बॉक्स (साध्या केबलचा सिग्नल एक्सएलआर केबलमधून पुढे नेण्याजोगा करणारी डबी) बसवावा.

एवढे करूनही आवाज राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबल्यास दोष बहुधा अर्थिंगचा आहे असे समजून इंटरफेस (माइक आणि वाद्ये लॅपटॉपला जोडणारे यंत्र), स्पीकर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो जिवावर बेतू शकतो, त्यामुळे मुळीच मानू नये.

लेबल प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लावावे. एकाच टोकाचे लेबल नेमके टेबलाखाली वाकल्यावर उपयोगी पडत नाही. बांधण्यासाठी प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या घ्याव्यात. सुटी केबल कोपराभोवती गुंडाळल्यास आतल्या तारांना पीळ पडतो; तिचा एक वेढा सुलटा, एक उलटा घ्यावा. पॅच बेवर (सगळ्या केबल्सच्या जोडण्या एका जागी आणणाऱ्या पट्टीवर) मात्र, दोन-तीनच वाद्ये असतील तर, इतक्यात पैसे घालवू नयेत.